छातीवरचा डाग

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे, आणि सगळ्यात आधी सांगून टाकतो, मी अपशकुनी नाही. गावात माझ्याबद्दल काय काय बोललं गेलं ते मी पेटीत बसून ऐकलं आहे. पेटीचा पत्रा पातळ असतो. मला जीभ असती तर एका वाक्यात सगळं मिटलं असतं, पण मला घडवणाऱ्यांनी डोळा दिला, पोट दिलं, जीभ काही दिली नाही.

माझ्या पोटातून फोटो तिथल्या तिथे बाहेर येतो, म्हणून मला झटपट कॅमेरा म्हणतात. माझा जन्म चाळीस वर्षांपूर्वी परदेशातल्या एका कारखान्यात झाला. काळं ठोकळ्यासारखं अंग, पुढे काच, वर दिवा आणि खाली एक झाकण. त्या झाकणाच्या आत दोन बारीक पोलादी रूळ आहेत. हे रूळ नीट लक्षात ठेवा. फिल्मच्या प्रत्येक पानाच्या कडेला औषधाची चपटी पुडी असते. बटण दाबलं की पान रुळांमधून दाबून निघतं, पुडी फुटते आणि औषध पानभर सारखं पसरतं. गुऱ्हाळातल्या चरकात ऊस जातो ना, तसंच. फरक एवढाच की चरकात कचरा गेला तर रस गाळून घेता येतो. माझ्यात गेला तर तो फोटोत कायमचा बसतो.

माझे पहिले मालक हंबीरराव. विट्याकडची पुष्कळ माणसं परमुलखात सोनं गाळायची दुकानं चालवतात, तसं हंबीररावांचं दुकान कोइमतूरला होतं. कुणा गिऱ्हाइकाकडून त्यांनी मला हौसेनं घेतलं आणि ठेवलं कुठे, तर भट्टीशेजारच्या फळीवर. मला आणि माझ्या फिल्मला उष्णता मुळीच सोसत नाही. फिल्म तापली की रंग पिवळे पडतात. हंबीररावांनी काढलेल्या फोटोंत कोइमतूरची सगळी माणसं कावीळ झाल्यासारखी दिसत. वर प्रत्येक जण फोटो हातात पडला की तो हवेत फडफडवायचा, त्यावर फुंकर मारायचा, कुणी कुणी तर पापडासारखा उन्हात धरायचा. हे सगळं चूक आहे. फोटो बाहेर आला की त्याला उजेडापासून झाकायचं आणि गप बसायचं, पण गप बसणं माणसाला फार जड जातं. तरी कौतुक मात्र झालं माझं. दुकानातली पोरं स्वतःचा पिवळा चेहरा पाकिटात घालून गावी पाठवायची, आणि उत्तरात आईनं तो देवापाशी ठेवल्याचं यायचं.

पुढे माझी फिल्म मिळेनाशी झाली. हंबीररावांनी मला एका ट्रंकेत टाकलं आणि विसरले. किती वर्षं गेली ते मी मोजलं नाही. तेजाबाचा वास मात्र अजून माझ्या पट्ट्याला आहे.

ट्रंक पुढे हंबीररावांच्या गावच्या घरी आली, तिथे मला बाहेर काढलं ते त्यांच्या भाचीनं, शिवांजलीनं. ती आष्ट्याजवळच्या गावची. वडील मानसिंगराव फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, घरचा ऊस बघायचे. आई राहीबाई, हंबीररावांची धाकटी बहीण. थोरला भाऊ वीरधवल फौजेत, वर बर्फात. शिवांजली सांगलीला कॉलेजात होती आणि तिला कळलं होतं की माझी फिल्म आता पुन्हा निघते, घरबसल्या मागवता येते. एका पाकिटात आठ पानं. आठच. मोबाइलवर एकाच वडापावाचे वीस फोटो काढणाऱ्या मुलीला आठ पानांत भागवायला शिकवलं, ते मी.

सोपं नव्हतं. फिल्म कुरियरच्या तापलेल्या गाडीतून यायची. सांगलीच्या आयर्विन पुलावर तिनं काढलेला नदीचा फोटो नुसता लालसर आला, त्यात ना नदी ना पूल. थंडीत काढलेले निळे पडायचे, मग ती ते काखेत धरून ऊब द्यायची. एकदा बोट काचेवर आलं, एकदा दिवाच लागला नाही. ती माझ्यावर चिडायची आणि मी तिच्यावर. पण एकदा हळदीच्या पेठेत तिनं एका म्हाताऱ्या हमालाचा फोटो काढून त्यालाच दिला. तळहातावर चेहरा उमटेपर्यंत तो जागचा हलला नाही. "माझाच हाय व्हय?" त्यानं विचारलं, आणि फोटो टोपीत ठेवून टोपी डोक्यावर चढवली. त्या दिवशी मला माझ्या जन्माचं सार्थक वाटलं. पुन्हा कधी तसं वाटलं नाही.

आता खंडेनवमीचं सांगतो. तुम्हाला माहीतच आहे, त्या दिवशी घरातली हत्यारं पुजतात. मानसिंगरावांच्या घरी अंगणात कोयते, विळे, पहार, शिलाईचं मशीन ओळीनं मांडलं होतं. ट्रॅक्टरला हार घातला होता. वीरधवल रजेवर आला होता, त्याचा फौजेतला चाकूही ओळीत होता. आणि चाकूशेजारी मी. मला फार अभिमान वाटला. शिवांजली नवं पाकीट घालायच्या तयारीत होती, म्हणून माझं खालचं झाकण उघडंच होतं.

राहीबाई ताट घेऊन आल्या. एकेका वस्तूला बोटानं हळद, मग कुंकू. माझ्यापाशी आल्या तशी शिवांजली पाकिटावरची माहिती वाचता वाचता म्हणाली, "आई, काचेवर नको हं लावू. फोटो बिघडंल."

"मग कुठं लावू?"

"कुठंपण लाव. काच सोडून."

राहीबाई खाली वाकल्या. त्यांना उघडं झाकण दिसलं, आतले चकचकीत रूळ दिसले. "मग जितनं फोटू येतुया तितंच लावती," त्या म्हणाल्या. "काम त्येच करतंय न्हवं?" आणि त्यांनी ओल्या कुंकवाचं बोट माझ्या वरच्या रुळावर टेकवलं.

त्यांचं काही चुकलं असं मला आजही म्हणवत नाही. जे राबतं त्याला पुजायचं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. शिवांजलीनं मान वर न करता पाकीट आत सरकवलं आणि झाकण लावलं. नव्या पाकिटातून पहिल्यांदा एक काळा पुठ्ठा बाहेर पडतो, तसा तो पडला. त्यावर एकाखाली एक, सारख्या अंतरावर, कुंकवाचे तीन ठिपके होते. कुणी बघितलंही नाही. तो पुठ्ठा झाडलोटीबरोबर उकिरड्यावर गेला. उरलेलं कुंकू रुळावर तसंच वाळलं आणि खड्यासारखं घट्ट बसलं.

दुसऱ्या दिवशी दसरा. त्याच्या दुसऱ्या दिवशी वीरधवलला परत जायचं होतं. म्हणून दसऱ्यालाच राहीबाईंनी त्याला मुद्दाम वर्दी घालायला लावली. "हातात धरता येतुया तसला एक फोटू काढ," त्या लेकीला म्हणाल्या. "मोबाइलमदला मला उगडाय येत न्हाई." वीरधवल दारात तोरणाखाली ताठ उभा राहिला. बटण दाबलं. मी जीव मुठीत धरून ते पान रुळांतून सोडलं. कुंकवाचा तो खडा पानावर तीनदा दाबला गेला. तीनदा औषध तिथे नीट पसरलं नाही. मला ते कळलं, पण कळून काय उपयोग.

फोटो राहीबाईंनी पदराच्या सावलीत झाकून धरला होता, अगदी शिकवल्याप्रमाणे. सगळी वाकून बघत होती. शेजारच्या भामाबाई आपट्याची पानं द्यायला आल्या होत्या, त्याही डोकावल्या. आधी नुसतं पांढुरकं. मग तोरण आलं, मग टोपी, मग वीरधवलचं नाक आणि मिशी. राहीबाई हसल्या. आणि चेहऱ्यापाठोपाठ छातीवर डावीकडे, खिशाच्या जरा खाली, एक ठिपका उमटायला लागला. मोहरीएवढा होता तो ज्वारीच्या दाण्याएवढा झाला. काळपट तांबडा.

"राहे, ह्यो डाग कशाचा गं?" भामाबाई म्हणाल्या. "बरोबर काळजावर आलाय की." बोलून गेल्या आणि मग त्यांनी तोंडावर हात ठेवला.

आणखी दोन डाग त्याच फोटोत होते. एक वर तोरणातल्या झेंडूत लपला होता आणि एक खाली काळ्या बुटावर. तिन्ही एका रेषेत. कुणीतरी शांतपणे बघायला हवं होतं. राहीबाईंनी पदराच्या टोकानं तो डाग पुसून पाहिला, पुन्हा पुसला. तो वर नव्हताच, आत होता.

"आये, फिल्म गरम झाली आसंल," वीरधवल म्हणाला. "कुरियरच्या गाडीत काय एसी आसतुया व्हय?"

"तू उद्या जाऊ नगंस."

"रजा सपली न्हवं."

"मग वाडवून घे."

मानसिंगराव वैतागले. "अगं, फोटूत डाग पडला म्हनून रजा वाडवून मागायची? सायबाला काय सांगायचं त्येनं?" वीरधवल ठरल्या वेळी गेला. निघताना त्यानं आईच्या हातातला फोटो काढून घ्यायला बघितलं, तर तिनं सोडला नाही.

तो गेल्यावर शिवांजलीनं मला हातात घेतलं. "आई, मोबाइलवर पण काढलाय बघ दादाचा फोटो. त्यात कुठं आहे डाग?"

"मोबाइल खोटं दावतुया. तुमी पोरी त्यात गोऱ्या हुता. ह्यो खोटं बोलत न्हाई, तूच म्हनलीवतीस."

खरंच म्हणाली होती. माझी तारीफ करताना म्हणाली होती.

"बरं मग, अजून एक फोटो काढून बघू. तुझाच काढते. त्यात पण डाग आला तर फिल्मच खराब, विषय संपला."

"आन न्हाई आला तर?"

शिवांजलीनं मला डोळ्यांपर्यंत उचललं. मी तिच्या हातात होतो, तिचं बोट बटणावर होतं. मित्रांनो, आयुष्यात मी इतकी विनवणी कधी केली नसेल. दाब, पोरी, दाब. माझ्यात सात पानं होती. सातही पानांवर डाग त्याच ठिकाणी आला असता, भिंतीवर आला असता, म्हशीवर आला असता. पण तिचं बोट सैल पडलं. शिकलेली मुलगी ती, तरी तिलाही भीती वाटली. डाग आला नाही तर तो एकट्या भावाचाच ठरणार होता.

राहीबाईंनी मला लाल फडक्यात गुंडाळलं, फोटो माझ्यावर पालथा ठेवला आणि माजघरातल्या पत्र्याच्या पेटीत टाकून कुलूप लावलं. किल्ली कनवटीला खोचली. "परत ह्याला हात लावायचा न्हाई. माजी शपत हाय," त्या म्हणाल्या. शिवांजली सांगलीला निघून गेली.

पेटीत अंधार होता, पण आवाज सगळे यायचे. दिवाळी झाली. साखर कारखान्याचा भोंगा सुरू झाला, ऊसतोडीच्या टोळ्या आल्या. वीरधवलचा फोन आठवड्याला यायचा. मग थंडी वाढली तसा वर रेंज मिळेना आणि फोन दहा दिवसांवर गेला, पंधरा दिवसांवर गेला. राहीबाई घास अर्धा ठेवून उठायच्या. मंगळवार धरला, शुक्रवार धरला, चप्पल सोडली. भामाबाई येऊन म्हणायच्या, "राहे, मी आपलं सहज बोललेवते गं."

रोज दुपारी, मानसिंगराव रानात गेले की, त्या पेटी उघडायच्या. फोटो उलटून डागावर बोट ठेवायच्या. तेच बोट, जे माझ्या रुळावर टेकलं होतं. "अंबाबाई, त्येच्यावरचं काड," त्या म्हणायच्या. "माज्यावर घाल." रोज हेच. मला त्या शब्दांची धडकी भरायला लागली. तुम्ही म्हणाल, यंत्राला कसली धडकी. पण अंधारात पडून रोज तेच ऐकलं की यंत्रही घाबरतं.

पौषातल्या एका दुपारी पेटी उघडली, आणि मी फडक्याच्या फटीतून राहीबाईंचा चेहरा बघितला. घाम फुटला होता. थंडीचे दिवस होते आणि त्यांच्या कपाळावर घाम होता. डावा हात त्यांनी छातीवर घट्ट दाबून धरला होता, वर्दीला खिसा असतो त्याच्या जरा खाली. बराच वेळ त्या तशाच बसल्या. मग दुखणं ओसरलं असावं. त्यांनी फोटोकडे बघितलं आणि त्या हसल्या. तीन महिन्यांत पहिल्यांदा हसल्या.

"घेतलंस व्हय गं आई," त्या हळूच म्हणाल्या. "घे. माजी काय हरकत न्हाई."

मित्रांनो, मला आजही हे सांगताना त्रास होतो. त्या माउलीला वाटलं, नवस पावला. लेकावरचा डाग आपल्यावर आला. आणि कुणाला सांगितलं, औषध घेतलं, तर तो पुन्हा त्याच्यावर जाईल, म्हणून त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. दुखणं आलं की त्या पेटीपाशी येऊन बसायच्या. मानसिंगरावांनी एकदा विचारलं, "चेहरा का उतरलाय?" तर म्हणाल्या, "पित्त झालंय." शिवांजली सुट्टीला आली, तिलाही पित्तच सांगितलं. घरात ही गोष्ट दोघांनाच ठाऊक होती, त्यांना आणि मला. त्यांना सांगायचं नव्हतं आणि मला सांगता येत नव्हतं.

माघात घरच्या उसाला तोड आली. जनावरांसाठी वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करायला राहीबाई रानात गेल्या, त्या मानसिंगरावांनी ट्रॅक्टरवरून परत आणल्या. आष्ट्याच्या दवाखान्यापर्यंत जिवंत पोचल्याच नव्हत्या. डॉक्टरांनी विचारलं, किती दिवस छातीत दुखत होतं, तर मानसिंगराव म्हणाले, पित्त होतं तिला. हे मला माजघरात जमलेल्या बायकांच्या बोलण्यातून कळलं. पेटीवरच कुणीतरी बसलं होतं.

वीरधवल तिसऱ्या दिवशी पोचला. धडधाकट. बर्फानं ओठ फुटले होते, एवढंच.

भिंतीवर लावायला फोटो शोधताना सगळ्यांच्या लक्षात आलं की राहीबाईंचा धड एकही फोटो नाही. मोबाइलमध्ये होते, पण कुठे पाठमोऱ्या, कुठे पदर तोंडावर, कुठे डोक्यावर वैरणीचा भारा. शेवटी आधार कार्डावरचा मोठा करून आणला. त्यात त्या कुणाला तरी भ्याल्यासारख्या दिसतात.

तेरावं झाल्यावर वीरधवलनं आईच्या कनवटीला असायची ती किल्ली घेऊन पेटी उघडली. लाल फडकं सोडलं. फोटो बघितला. मग तो फौजी माणूस, हत्यार हातात आलं की नळी बघायची सवय. त्यानं माझं खालचं झाकण उघडलं आणि उजेडात धरलं.

"शिवे, हिकडं ये. ह्ये काय हाय?"

शिवांजलीनं बघितलं. तिला खंडेनवमीचं ते ताट आठवलं असावं, कारण ती खाली बसली. "झाकण मीच उघडं ठेवलं होतं," ती म्हणाली. "काच सोडून कुठंपण लाव, मीच म्हणाले."

वीरधवलनं रूळ न पुसताच झाकण लावलं आणि वडिलांना दारात उभं केलं, त्याच जागी. बटण दाबलं. यावेळी फोटो कुणी झाकला नाही, तरी तो उमटला. मानसिंगरावांच्या डोक्यावर चौकटीत एक डाग, छातीवर एक, पायापाशी एक. दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले. तोरणातला डाग दिसला, बुटावरचा दिसला. एक लहान पोरही ओळखेल इतकं ते सोपं होतं.

मानसिंगराव दोन्ही फोटोंकडे बघत राहिले. "मंजी ह्यो तिच्याच बोटाचा हाय," ते म्हणाले. "चार म्हैने ती आपल्याच बोटाला भ्याली." भामाबाई पायरीवर बसल्या होत्या, त्यांनी तोंड पदरात घातलं.

शिवांजली ओलं फडकं घेऊन आली. मानसिंगरावांनी तिचा हात धरला. "ऱ्हाऊ दे."

"आण्णा, राहू दिलं तर उद्या दुसऱ्या कुणाच्यातरी छातीवर दिसंल."

मग त्यांनी फडकं बाजूला ठेवलं आणि स्वतःच्या नखानं रुळावरचा तो खडा सोडवला. फार जपून, जरासुद्धा खाली सांडू न देता. देवघरात राहीबाईंचा कुंकवाचा करंडा होता. त्यांनी तो खडा त्यात टाकला आणि झाकण लावलं.

मित्रांनो, माझ्यासारखं जुनं यंत्र वापरणार असाल तर माझे रूळ पुसत जा. प्रत्येक पाकिटाला पुसा, त्याला वेळ लागत नाही. फोटोत वेडंवाकडं काही दिसलं तर आणखी एक फोटो काढून बघा, फार तर एक पान वाया जाईल. आणि घरातलं कुणी घामेजून छातीवर हात ठेवून बसलं, तर पित्त म्हणालं तरी विश्वास ठेवू नका. मी ठेवला नव्हता, पण मी कॅमेरा.

रूळ साफ झाल्यावर तिघं दारात उभे राहिले आणि बटण भामाबाईंनी दाबलं. फोटो चांगला आला. रंग खरे आले, चेहरे स्पष्ट आले. तिघांनी वाकून आधी वर चौकटीत बघितलं, मग छातीवर, मग पायापाशी. डाग कुठेच नव्हता. मानसिंगरावांनी तो फोटो पुन्हा एकदा उजेडाकडे नेऊन नीट बघितला, आणि मग आपला डागाचा फोटो उचलून सदऱ्याच्या डाव्या खिशात ठेवला.